खडूची खूण

ठाणे स्थानकापासून थोड्या अंतरावर, लोहमार्गाच्या अगदी लगत, एक जुनी तीन मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजोबा राहतात. गाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरतात, मांडणीतली भांडी एकमेकांच्या कानांशी कुजबुजतात आणि आजोबा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, "चौथ्या डब्याचे एक चाक सपाट झाले आहे." पाहुण्यांना याचे मोठे नवल वाटते, घरच्यांना वाटत नाही. ब्रेक घट्ट बसून चाक न फिरता रुळावर घासत गेले, की त्याचा एका जागचा गोलवा जातो. मग प्रत्येक फेऱ्याला ते 'ठक्' असा आवाज करते. ज्याने ३६ वर्षे रेल्वेचे डबे दुरुस्त केले, त्याच्या कानाला हा ठोका कोणी नाव घेऊन हाक मारावी तसा ऐकू येतो.

आजोबांची ती ३६ वर्षे माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात गेली. १९१५ साली सुरू झालेला हा कारखाना म्हणजे डब्यांचे रुग्णालयच. ठरावीक काळ धावून थकलेला डबा तिथे येतो. त्याची चाके काढतात, चौकटी उघडतात, गंज खरवडतात, झिजलेले भाग बदलतात आणि मग नवा रंग देऊन त्याला पुन्हा मार्गस्थ करतात. आजोबा तिथे उमेदवार म्हणून लागले, तेव्हा एका वृद्ध कारागिराने त्यांना तडा ओळखण्याच्या दोन जुन्या रीती शिकवल्या होत्या. पहिली रीत कानाची. लोखंडी भागावर लहान हातोडीने ठोका द्यायचा. भाग धड असेल तर तो खणखणीत वाजतो, तडकलेला असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. दुसरी रीत डोळ्यांची. संशयित भाग पातळ तेलात बुडवून ठेवायचा, मग स्वच्छ पुसायचा आणि त्यावर खडूच्या पुडीचा पांढरा लेप द्यायचा. तडा केसाएवढा बारीक असला तरी त्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या लेपावर काळसर रेघ उमटते. पुढे ध्वनिलहरींनी धातूच्या पोटातले दोष शोधणारी यंत्रे आली आणि या रीती मागे पडल्या. मात्र एक नियम तेव्हा होता तोच राहिला. तडा सापडला, की त्याभोवती खडूने वर्तुळ काढायचे. मग तो कोणाच्या हातून झाला, कोणाच्या नजरेतून सुटला, याचा निवाडा मागाहून, आधी वर्तुळ. तड्यावरून रंगाचा हात फिरवणे याहून मोठे पाप त्या कारखान्यात दुसरे नव्हते.

हा नियम आजोबांनी घरातही आणला होता. कपाचा कान हलू लागला, छत्रीची काडी वाकली, पाटाचा पाय निखळला, की त्यावर खडूचे एक लहान वर्तुळ उमटे. रविवारी आजोबा आपली पत्र्याची पेटी काढत आणि वर्तुळे एकामागून एक पुसली जात. सातवीत शिकणारी त्यांची नात या कामात त्यांची मदतनीस असे. दप्तरात खडूचा एक तुकडा तिने नेहमी बाळगावा, असे तिला कोणी सांगितले नव्हते; पण तो तिच्याजवळ असे.

या नातीला छोट्या आगगाड्यांचे वेड लागले ते पुण्यात. कर्वे रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. एका सुटीत आजोबांनी तिला ते दाखवले. हातभर लांबीच्या गाड्या बोगद्यांतून ये-जा करीत होत्या, सिग्नल लाल-हिरवे होत होते, आणि त्या इवल्याशा जगात एकही अपघात होत नव्हता. ती तिथून हलेना. तेव्हापासून "मला एक तरी डबा हवा" हा तिचा जप सुरू झाला.

तिची आत्या जर्मनीत न्यूरेंबर्गला राहते. हे शहर खेळण्यांसाठी जगप्रसिद्ध आहे, आणि रेल्वेच्या इतिहासातही त्याला मान आहे. जर्मनीतली वाफेच्या इंजिनाची पहिली गाडी ७ डिसेंबर १८३५ रोजी न्यूरेंबर्गहून फ्यूर्थला गेली; अंतर अवघे ६ किलोमीटर. आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटर धावून ठाण्याला पोहोचली. तिला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० प्रवासी बसले होते. आत्या म्हणायची, "पहिल्या गाडीच्या एका गावातून मी पहिल्या गाडीच्या दुसऱ्या गावाला आले." गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा तिच्या पेटीतून एक लांबट खोका निघाला. खोक्यात गडद निळ्या रंगाचा एक प्रवासी डबा होता.

आजोबांनी लगेच गणित घातले. असे डबे खऱ्या डब्याच्या ८७ व्या भागाएवढे असतात. खरा डबा २६ मीटर ४० सेंटीमीटर लांब. मग हा किती असावा? नातीने भागाकार केला आणि पट्टी लावली. ३० सेंटीमीटरांहून किंचित अधिक. अगदी बरोबर! युरोपात रुळांतले अंतर १,४३५ मिलिमीटर, म्हणून या डब्याच्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. "आणि आपले रूळ?" आजोबांनी विचारले. आपल्या रुंदमार्गाचे अंतर १,६७६ मिलिमीटर, तिने उत्तर काढले, "एकोणीस मिलिमीटरांहून थोडे जास्त." आजोबा खूश झाले. मग त्यांनी आपला आवडता धडा दिला: "लोक डब्यालाच बोगी म्हणतात, पण ते चूक. चार चाके बसवलेली ही खालची चौकट म्हणजे बोगी. डबा बोगीवर बसतो आणि बोगी वळणावर वळते." डबा मांडणीच्या वरच्या फळीवर विराजमान झाला. नात रोज शाळेतून आली की आधी त्याच्याकडे पाही आणि मग दप्तर खाली ठेवी.

एका रात्री सगळे झोपल्यावर आजोबा उठले. खऱ्या डब्यांखाली निम्मे आयुष्य काढलेल्या माणसाला त्या लहान डब्याची बोगी पाहण्याची हुरहुर लागली होती. ती कशी वळत असेल? मधली खीळ कशी बसवली असेल? त्यांनी चष्मा लावला, दिवा लावला आणि डबा हळूच उचलला. तो उलटा करताना त्यांचा उजवा हात थरथरला. डबा निसटला आणि फरशीवर पडला.

सकाळी डबा आपल्या जागी होता. मात्र त्याची एक बाजू भिंतीकडे होती.

नात शाळेतून आली, तिने नेहमीप्रमाणे वर पाहिले. काहीतरी वेगळे होते. तिने डबा उतरवला, तसा त्याचा आकडा, म्हणजे दुसऱ्या डब्याला जोडणारा हूक, तिच्या तळहातावर अलगद गळून पडला. दाराखालची पायरी दोन तुकड्यांची झाली होती. ते तुकडे वेडेवाकडे चिकटवलेले होते आणि मधला एक टवका नाहीसाच झाला होता. त्या दाराशेजारची खिडकी पांढुरकी झाली होती, जणू कोणी आतून तिच्यावर श्वास सोडला होता.

तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि पाठोपाठ राग आला. कोणी केले हे? आईने? बाबांनी? आजीने? एकेक नाव तिने मनातल्या मनात उभे केले आणि खाली बसवले. मग तिला सकाळची न्याहारी आठवली. आजोबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर कसलीशी पांढरी, कडक खपली होती, आणि ती ते नखाने खरवडत होते. ती काही विचारणार तोच त्यांनी हात टेबलाखाली घेतला होता.

तिला आणखी काही गोष्टी आठवल्या. अलीकडे आजोबा सदऱ्याची बटणे लावायला पाठमोरे उभे राहत. बँकेत सही करायची झाली की "चष्मा घरी राहिला" म्हणत. आणि गेल्या दोन रविवारी पत्र्याची पेटी निघालीच नव्हती.

ती बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. ओरडावे, रडावे, आईला सांगावे, असे सगळे काही तिच्या मनात येऊन गेले. शेवटी तिने दप्तरातून खडूचा तुकडा काढला. मोडलेल्या पायरीभोवती तिने एक लहानसे वर्तुळ काढले. निळ्या रंगावर ते ठळक उठून दिसले. मग तिने डबा पुन्हा फळीवर ठेवला. या वेळी मोडकी बाजू तिने बाहेर केली.

आजोबा संध्याकाळी फिरून आले. जोडे काढता काढता त्यांची नजर वर गेली आणि तिथेच थांबली. ते काही बोलले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी वर्तमानपत्र उघडले. एक गाडी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. कोणत्या डब्याचे चाक कसे वाजते, याविषयी त्या संध्याकाळी घरात एक शब्दही उच्चारला गेला नाही.

जेवणे झाल्यावर त्यांनी नातीला जवळ बोलावले.

"काल रात्री डबा माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "झटपट गोंदाने मी तो चिकटवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. डबा पडला, तो अपघात होता, पोरी. भिंतीकडे तोंड केले, तो अपराध."

"पण मग तुम्ही सांगितले का नाही, आजोबा? मी रागावले नसते." ती क्षणभर थांबली आणि खरे तेच बोलली. "रागावले असते. पण थोडा वेळच."

"तुझ्या रागाची भीती नव्हती," आजोबा म्हणाले. "मी सांगितले असते, तर तू विचारले असतेस, कसा पडला?"

त्यांनी आपला उजवा हात दिव्याच्या उजेडात पुढे केला. बोटे वाऱ्यावरच्या पानांसारखी हलत होती. त्यांनी ती आवरण्याचा प्रयत्न केला, तशी ती अधिकच हलली. "तुझा खडू दे," ते म्हणाले. खडू डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्या मनगटावर एक वर्तुळ काढले. ते नीट जमले नाही. पण ते वर्तुळ आहे, हे कोणालाही कळले असते.

स्वयंपाकघराच्या दारात आजी उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "अहो, मला चार महिन्यांपासून ठाऊक आहे. तुम्हाला चहा अर्धाच कप का देते, असे वाटले तुम्हाला? साखर महाग झाली म्हणून?"

आजोबा आधी तिच्याकडे पाहतच राहिले आणि मग मोठ्याने हसले. नातही हसली. चार महिने एकाच घरात दोन माणसे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत होती, आणि ती लपवण्यासाठी एकमेकांना मदतही करीत होती!

शनिवारी बाबा आजोबांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासले, लिहायला लावले, पाण्याने भरलेला पेला हातात धरायला लावला. थरथर पूर्ण जाईलच असे नाही, पण औषधाने ती कमी होऊ शकेल. आणखी आधी आला असता तर बरे झाले असते, असे ते म्हणाले. घरी येताच आजोबांनी हे वाक्य सर्वांना जसेच्या तसे सांगितले. तेवढे प्रायश्चित्त त्यांनी स्वतःसाठी ठरवले असावे.

रविवारी पत्र्याची पेटी निघाली. टेबलावर वर्तमानपत्र पसरले गेले, खिडक्या उघडल्या गेल्या. "आजपासून कारागीर तू आणि मदतनीस मी," आजोबा म्हणाले. "आधी काय करायचे?"

"चिकटवायचे," नात म्हणाली.

"नाही. आधी तपासणी. काय मोडले आहे आणि ते कशाचे केलेले आहे? हे कळल्यावाचून गोंदाच्या बाटलीला हात लावायचा नाही. परवा रात्री मी तीच घाई केली."

झटपट गोंद ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचे शास्त्रज्ञ पारदर्शक प्लास्टिकवर प्रयोग करीत असताना त्यांना हा पदार्थ मिळाला. तो ज्याला त्याला चिकटतो म्हणून तेव्हा तो त्रासदायक वाटला आणि बाजूला पडला. १९५१ मध्ये त्याचे महत्त्व ध्यानात आले आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. हवेतला ओलावा मिळताच तो क्षणार्धात घट्ट होतो. पण घट्ट होता होता त्याची वाफ शेजारच्या गुळगुळीत प्लास्टिकवर बसते आणि तिथे पांढरट धुरकटपणा येतो. डब्याची खिडकी अंध झाली ती यामुळेच.

तपासणीसाठी आजोबांनी दोन पेले मागवले. एकात साधे पाणी, दुसऱ्यात चार चमचे मीठ विरघळवलेले पाणी. नातीने पायरीचा एक कण आणि आकड्याचा एक कण काढला. त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे निघावेत म्हणून दोन्ही कण साबणाच्या बोटाने चोळले आणि साध्या पाण्यात टाकले. दोन्ही बुडाले. तेच कण मिठाच्या पाण्यात टाकले, तेव्हा मात्र गंमत झाली. पायरीचा कण वर येऊन तरंगू लागला. आकड्याचा कण तळाशीच राहिला.

"पाहिलेस? दोन्ही काळे, दोन्ही प्लास्टिक, पण जाती निराळ्या," आजोबा म्हणाले. पायरी पॉलिस्टायरीनची होती. हे प्लास्टिक पाण्याहून थोडेसेच जड, सुमारे १.०५ पट, म्हणून मिठाने जड झालेल्या पाण्यावर ते तरंगते. आपला थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच होय. आकडा ॲसिटल नावाच्या प्लास्टिकचा होता. ते पाण्याच्या सुमारे १.४१ पट जड असते. ते चिवट आणि निसरडे असल्याने लहान दंतचक्रेही त्याची करतात. निसरडेपणा हा त्याचा गुण. पण त्याच गुणामुळे कोणताही गोंद त्याच्यावर धड बसत नाही. परवा रात्री लावलेला आकडा दुसऱ्याच दिवशी गळून पडला, यात गोंदाचा दोष नव्हता. चिकटण्याचा ज्याचा स्वभावच नाही, त्याला चिकटवायला गेलेल्याची ती चूक होती.

पहिली दुरुस्ती पायरीची. आधी जुन्या गोंदाची खपली काढायला हवी होती. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने ती निघेल, असे नातीने सुचवले. "निघेल," आजोबा म्हणाले, "पण त्याच्यात ॲसिटोन असले तर पायरीही विरघळेल." तिने बारीक पात्याने हळूहळू खरवडून तुकड्यांच्या कडा मोकळ्या केल्या. मग तिने दोन्ही तुकडे जुळवून धरले आणि आजोबांनी कोपरे टेबलावर टेकवून डबा दोन्ही हातांनी दाबून धरला. हात टेकले की त्यांची थरथर कमी होई. छोट्या प्रतिकृती जोडण्यासाठी पाण्यासारखा पातळ द्राव मिळतो. त्यात कुंचल्याचे टोक बुडवून तिने ते सांध्याला नुसते टेकवले. द्राव सांध्यातून आपोआप पुढे सरकत गेला.

"वातीत तेल चढते तसा!" ती म्हणाली.

"अगदी तसाच. आता आत काय चालले आहे, ठाऊक आहे? हा गोंद नव्हे. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्राव उडून गेला की दोन्हींचे एकच प्लास्टिक होते. कारखान्यात आम्ही लोखंड तापवून सांधत असू. हे न तापवता सांधणे."

हरवलेल्या टवक्याची जागा भरायची होती. जुन्या सीडीची पारदर्शक डबीही बहुधा पॉलिस्टायरीनचीच असते. फुटक्या डबीचे बारीक तुकडे त्यांनी द्रावात टाकले. काही तासांनी त्याची दाट खळ झाली, ती त्या खाचेत थोडी उंचच भरली. कारण वाळताना ती आकसते. द्रावाचा वास डोक्यात जाऊ नये आणि त्याच्याजवळ ज्योत येऊ नये, म्हणून आजोबांनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि आजीला देवापुढचा दिवा थोडा उशिरा लावायला सांगितले होते.

"आता घासू?"

"उद्या संध्याकाळी. वाळण्याच्या वेळेला घाईने लाच देता येत नाही."

दुसरी दुरुस्ती आकड्याची. जो चिकटत नाही, त्याला शिवायचे, असे आजोबांनी ठरवले. हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये अर्ध्या मिलिमीटरचे टोक बसवून मोडक्या जागेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन भोके पाडायची. मग पितळी तारेचे दोन चिमटे करून ते वरून घालायचे आणि खालून त्यांचे पाय मुडपायचे. वही शिवायच्या पिनेसारखे हे काम. तार दोन्ही तुकड्यांना धरून ठेवणार होती, गोंदाचे तिथे काही काम नव्हते.

तीन भोके नीट पडली. चौथ्याच्या वेळी तिचा हात किंचित तिरका झाला आणि 'टिक्' असा आवाज आला. ड्रिलचे केसाएवढे टोक मोडले होते. पेटीत तसे एकच टोक शिल्लक होते. आजोबा त्या वेळी चष्मा पुसत होते. त्यांनी काहीही पाहिले नव्हते.

नात एक क्षणभर गप्प राहिली.

"आजोबा," ती म्हणाली, "टोक मोडले. माझ्याकडून."

आजोबांनी चष्मा लावला आणि पेटीतले शेवटचे टोक तिच्यापुढे ठेवले. "हे घे. दाबू नकोस, नुसते फिरव," एवढेच ते म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा उजळला, की आजीने आतून विचारले, "काय झाले हो एवढे आनंदायला?" "काही नाही," आजोबा म्हणाले, "ड्रिलचे टोक मोडले."

तिसरी दुरुस्ती खिडकीची. तिच्यावर मऊ फडक्याने थोडी दंतमंजनाची पेस्ट लावून नात गोल गोल घासत राहिली. पेस्टमधली सूक्ष्म पूड वरचा धुरकट थर झिजवते. अर्ध्या तासाने खिडकीतून आतली आसने दिसू लागली. एका कोपऱ्यात मात्र पांढुरकी झाक राहिलीच. नवी काच बसवता येईल, असे आजोबा म्हणाले. नातीने डबा डोळ्यांसमोर धरून पाहिले.

"राहू द्या," ती म्हणाली. "पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गाडीची खिडकी अशीच दिसते."

सोमवारी संध्याकाळी पायरी घासून रंगवली. सांधा कुठे होता, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, इतकी ती जमली. आकड्यावरचे पितळी चिमटे मात्र चमकत होते. तेही काळे रंगवावेत का, असा प्रश्न निघाला, आणि दोघांनी एकदमच मान हलवली. ते तसेच राहिले. खऱ्या डब्याची मोठी दुरुस्ती झाली की कारखान्याचे नाव आणि तारीख त्याच्यावर लिहितात. म्हणजे पुढच्या कारागिराला कळते, की याच्यावर कोणी आणि कधी हात फिरवला आहे. नातीने अगदी बारीक कुंचल्याने डब्याच्या पोटावर तारीख घातली आणि तिच्यापुढे लिहिले: 'ठाणे'. मग ओल्या फडक्याने खडूचे वर्तुळ पुसले.

आजोबांच्या मनगटावरचे वर्तुळ स्नानात केव्हाच गेले होते. ती थरथर मात्र डब्याच्या पायरीसारखी एका दिवसात दुरुस्त होणारी नव्हती. औषधाने ती थोडी कमी झाली, थोडी राहिली. आता बँकेत सही करताना ते चष्मा विसरत नाहीत. "हात हलतो, जरा थांबा," असे सांगतात आणि लोक थांबतात. बटणे लावायला नातीला हाक मारतात. आजी चहा अजून अर्धाच कप देते, पण दोनदा देते.

आणि गाडी गेली, की वर्तमानपत्रामागून पुन्हा आवाज येतो, "सहाव्या डब्याचे चाक." नात मांडणीकडे पाहते. खिडक्यांबरोबर तो निळा डबाही किंचित थरथरतो. त्याची पितळी चिमट्यांची बाजू बाहेर असते.